‘कम्युनिटी’ शिकवणारे सर

“नोडि, कोण कोण ते नावांनिशी सांगा,” असे म्हणून सर चष्मा काढीत आणि धोतराच्या सोग्याने पुसू लागत. ‘नोडि’ म्हणजे ‘बघा’. चष्मा पुसून होईपर्यंत उत्तर द्यायचे, असा अलिखित नियम होता. ‘आमची कम्युनिटी’ हे शब्द त्यांच्यासमोर उच्चारणाऱ्याची यातून सुटका नसे. नेमका शब्द सापडेपर्यंत समोरच्याला बसू न देणारी अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील.

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या शाळेत ते इंग्रजी शिकवीत आणि मी गणित. राज्यपुनर्रचनेनंतरची ती वर्षे. कोण कुठल्या भाषेचे, ही चर्चा शिक्षकांच्या खोलीत रोज चाले. सरांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेतले. घरी मराठीच, पण वाक्य मराठीत निघून कन्नडात पोहोचे.

‘कम्युनिटी’ हा शब्द ते कोशातून शिकवीत नसत. एकदा अर्थ विचारल्यावर एका मुलीने स्वतःच्या जातीचे नाव सांगितले.

“सरी, ठीक,” सर म्हणाले. “त्यातल्या कुणाकडे तू वाटी घेऊन ताक मागायला जातेस?”

“कुणाकडेच नाही, सर. गौरम्माकडे जाते.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. “बैस. आता उत्तर बरोबर आलं.”

गौरम्मा सरांच्या घरामागच्या वठारात, म्हणजे चाळीसारख्या खोल्यांच्या रांगेत, राहत असे. विधवा, कन्नड बोलणारी, दूध-ताक विकून मुलीला वाढवणारी. मोहल्ल्यात कुणी आजारी पडले की तिच्या घरचे ताक त्या घरी आपोआप पोहोचे.

आम्हा मराठी मंडळींनी वर्गणी काढून सभागृह बांधले. सर अध्यक्ष. ‘कम्युनिटी हॉल’ हे नाव त्यांचेच. गौरम्माच्या मुलीचे लग्न ठरले, तेव्हा ती संकोचत सरांकडे आली. सरांनी तिला लग्नासाठी हॉल देण्याचा शब्द दिला.

बैठकीत चिटणीस म्हणाले, “सर, हॉल आपल्या लोकांसाठी आहे. आज गौरम्मा आली, उद्या सगळा मोहल्ला येईल.”

“हौदु, होय! त्यासाठीच तर बांधला.”

मत घेतले गेले. बाजूने हात वर झाले ते दोनच, सरांचा आणि माझा. सरांनी छत्री उचलली. दाराशी मला एवढेच म्हणाले, “बाई, तिला शब्द दिलाय हो मी.”

आमच्याकडे लग्नघरापुढे नारळाच्या झावळ्यांचा मांडव घालतात. त्याचा पहिला खांब वधूच्या दारात रोवायचा आणि ज्या दारात तो खांब, ते मुलीचे घर, असा रिवाज. गौरम्माच्या खोलीचे दार वठाराच्या आतल्या बोळात. तिथे दोन माणसे शेजारी मावत नसत. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी स्वतःच्या उंबऱ्यापाशी खड्डा खणायला घेतला. हळदकुंकू लावून खांब रोवला, तेव्हा गौरम्मा पदराने डोळे पुसत उभी होती.

मग गल्लीच मांडवात उतरली. कुणी पातेली दिली, कुणी जाजम. चिटणीसांच्या पत्नी लाटणे घेऊन आल्या.

“आणि चिटणीससाहेब?” मी विचारले.

“हॉलची किल्ली सांभाळत बसलेत. बसू देत. तिथे जेवण नाहीये!”

येलवाल गावाहून वऱ्हाड आले. गुलाबपाणी शिंपडणाऱ्या सरांना वराच्या मामाने विचारले, “आपण मुलीचे कोण?”

“दार माझं आहे,” सर म्हणाले.

सरांनी अध्यक्षपद सोडले. त्यानंतर त्या सभागृहाची पायरी ते कधी चढले नाहीत.

ते गेले, तेव्हा शोकसभा मात्र तिथेच भरली. चिटणीस आता अध्यक्ष झाले होते. “आपल्या कम्युनिटीची फार मोठी हानी,” असे त्यांनी म्हटले आणि ते खोटे नव्हते. माझे लक्ष दाराकडे गेले. गौरम्मा बाहेर उभी होती, हातात जाईचा हार. मी उठून तिच्याजवळ गेले.

“आत काय बोलतात?” तिने कन्नडात विचारले.

“सरांबद्दल.”

“मग मी आत येऊ?”

मी तिचा हात धरला. आम्ही आत आलो तसे अध्यक्ष बोलायचे थांबले. खुर्च्यांमधून वाट काढीत ती सरांच्या तसबिरीपाशी गेली, हार घातला, आणि परत फिरायच्या ऐवजी तिथेच जमिनीवर बसली. थोड्या वेळाने अध्यक्ष व्यासपीठावरून उतरले आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले.