अभिमननानांनी सोडलेले कॉल

अभिमननाना म्हणजे आमचे मोठे काका. जळगावच्या बसस्टँडजवळच्या थांब्यावर बावीस वर्षं त्यांची रिक्षा. तिथला कायदा एकच: आधी आला तो आधी निघाला. कुणी मधे घुसला की नानांचा आवाज फाटक्या भोंग्यासारखा सुटे, "ए भो! लाइनमा ये, लाइनमा!"

मग मोबाइलवरून रिक्षा बोलवायचं ॲप आलं. नानांनीही घेतलं. फोन टिडिंग-टिडिंग वाजला की नाना आधी रांग बघत. पुढे थांब्यावरच्याच भटूची रिक्षा असली तर 'नाही' दाबत आणि ओरडत, "भटू, तुना नंबर शे. तू जाय!" भटू फोन हातात धरून बसे. काही येत नसे. "नेटवर्क नही," नाना त्याची समजूत काढत.

दीड वर्ष असं चाललं. या उन्हाळ्यात नानांचा फोन जवळजवळ मुकाच झाला. रस्त्यावर हात दाखवणारं गिऱ्हाईक तर आधीच आटलेलं. ॲपवाली बाई तेवढी साखर घोळून सांगे, "प्रिय सारथी, आपण ऑनलाइन आहात!"

"माले माहीत शे, बाई. पुढे बोल," नाना म्हणत.

माझी बहीण भाविका कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला. तिचा प्रोजेक्ट नेमका हाच: ॲप कुणाला कॉल देतं, कुणाला नाही. लॅपटॉपमध्ये एक खोटं शहर, ठिपक्यांच्या दोनशे रिक्षा, खोटी गिऱ्हाइकं. कंपनीचे खरे नियम कुणालाच ठाऊक नाहीत. म्हणून अंदाजाने नियम घालायचे, शहर हजारदा चालवायचं आणि कोण धावतं, कोण मागे पडतं ते बघायचं. नानांची सवय तिने एका लाल ठिपक्याला लावली. त्याच्या पुढचा निळा, भटूकाका. रविवारी दुपारी तिने नानांना समोर बसवलं.

ठिपके मुंग्यांसारखे पळू लागले. लाल हळूहळू मंदावला. तिसाव्या दिवशी थांब्यावरच रुतला.

"हाऊ मी का?"

"तुमच्यासारखा, नाना."

"पन मी सोडेल कॉल भटूले जास ना?"

भाविकाने वेग कमी केला. लालने नाही म्हटलं. कॉल टुणकन उडून पार दुसऱ्या चौकातल्या ठिपक्याकडे गेला. निळा जागचा हलला नाही.

"एकही नाही गेला, नाना. ॲपला रांग दिसत नाही. नाही म्हणणारा तेवढा दिसतो, आणि त्याला ते कॉल कमी करत जातं."

नाना खुर्ची ओढून स्क्रीनजवळ सरकले. मग म्हणाले, "परत चालाड."

परत तेच.

"आतेपासून बठ्ठा कॉल लिधा ते?"

तिने नियम बदलला: लाल आता प्रत्येक कॉल घेणार. लाल तिसऱ्या आठवड्यात चालू लागला. निळा उभाच.

"हा माझा अंदाज आहे हं, नाना. खरी कंपनी नाही." नानांनी मान हलवली. ऐकलं की नाही, कळलं नाही.

सोमवारी थांब्यावर फोन वाजला. पुढे भटूच होता. तो सवयीने मागे वळून हसला आणि हाक यायची वाट बघू लागला. नानांनी 'हो' दाबलं, हँडल वळवलं आणि रिक्षा रांगेबाहेर काढली.

"नाना? ओ नाना, मना नंबर शे ना?"

नानांनी वळून पाहिलं नाही.

पुढच्या महिन्यात भटूने रिक्षा विकली. चोपड्याला केळीच्या गाड्या भरतो म्हणतात. जाताना घरी आला नाही. नानांना आता दिवसाला आठ-दहा कॉल येतात. थांब्यावर मात्र ते रिक्षा लावत नाहीत. कुणी नको म्हटलेलं नाही.