आत्याचं तहानलेलं इंजन

जुनं ऑइल इंजन उघडायला बसलो की इंजन तापायच्या आधी माझंच डोकं तापतं, असं कळंबातले लोक म्हणायचे. खोटं नव्हतं. ज्या उस्तादांच्या हाताखाली मी हे काम शिकलो, ते मला सारखे बजावायचे, "इंजन कू गुस्सा नको दिखाव बेटा, वो भी दिखाताय." मी मान डोलवायचो आणि पुढच्याच बोल्टाला शिवी हासडायचो.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची वर्षं माझ्या धंद्याला झकास गेली. विहिरींना पाणी आलं, ढोकीच्या कारखान्याला ऊस घालायचं खूळ सगळ्यांच्या डोक्यात शिरलं, आणि गोठ्यात, कडब्याखाली गंजत पडलेली इंजनं लोकांना एकदम आठवली. विजेचे खांब आले होते, वीज मात्र पाहुणीसारखी यायची आणि जायची. त्यामुळं जो तो बैलगाडीत इंजन घालून माझ्या पत्र्याच्या शेडपुढं हजर. प्रत्येकाचं म्हणणं एकच, "लई काय न्हाय, जरा हात लावा, लगीच चालतंय." पी हळद अन् हो गोरी!

आत्याचं इंजन मात्र शेडमध्ये आलं नाही. मलाच तिच्या रानात जावं लागलं. ढोकीजवळच्या एका गावात माझी ही थोरली आत्या एकटी राहायची. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, दुष्काळाच्या पहिल्याच वर्षी गेले. मागं राहिलं थोडं रान, विहिरीतला अर्धा वाटा आणि मामांनी हौसेनं घेतलेलं इंजन. विहिरीचा दुसरा अर्धा वाटा तिच्या धाकट्या दिराचा. सामाईक विहिरीचा तिथला रिवाज असा, की ज्याची बारी असेल त्यानं आपल्या इंजनानं पाणी उपसायचं. इंजन चाललं नाही तर बारी बुडाली. दिरानं चार माणसांत सांगून टाकलं होतं, "सोमवारी वैनीची बारी. इंजन चाललं तर पानी त्यांचं. न्हाय चाललं तर औंदाचा सगळा हंगाम बारी माझी."

आणि आत्यानं ऊस लावून ठेवलेला. पावसाच्या ओलीवर कोंब वर आले होते, पानं सुकायला लागली होती. इंजन चालतं की नाही हे न बघता ऊस लावणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. तसं तिला बोललोही.

"त्ये तू बघशील की," ती म्हणाली. "भाचा कशाला हाय?"

विहिरीकाठच्या खोपीत इंजन नवरीसारखं सजून बसलं होतं. हिरवागार रंग, चाकांवर कुंकवाची बोटं. दर खंडेनवमीला आत्या त्याला रंग देऊन पूजा करायची. रंग इतका मनापासून दिलेला, की तेल घालायची भोकंसुद्धा बुजून गेली होती. हँडल लावलं तर चाक जागचं हलेना. मी वरचं झाकण, म्हणजे हेड, काढलं आणि बघतच राहिलो. पिस्टन आत जाम, आणि त्यावर तांबडा-काळा चिकट थर. असला गंज मी आजवर पाहिला नव्हता.

"आत्या, छप्पर गळतं का?"

"एक थेंब येत न्हाय."

"मग आत पाणी कुठनं गेलं?"

आत्या पदराशी चाळा करत म्हणाली, "म्या पाजलं."

"काय पाजलं?"

"नारळाचं पानी. खंडेनवमीला नारळ फोडायची अन् ह्याच्या तोंडात वतायची."

हवा आत घ्यायच्या त्या तोंडाची जाळी कधीच पडून गेली होती. मी ओरडलोच, "अहो आत्या, हे काय तान्हं पोर आहे का? जीव घेतलात तुम्ही त्याचा!"

"वरडू नगंस," ती म्हणाली. "तुझे मामा जाताना म्हणले, इंजनाकडं बघ. बघायचं म्हंजी काय करायचं, मला काय म्हाईत? हिरीत थेंब न्हवता. म्हणलं, ह्येबी तहानलं आसंल."

मला हसू फुटलं. ज्या वर्षांत ही बाई दुष्काळी कामावर उन्हात खडी फोडत होती, सरकारी सुकडीवर दिवस काढत होती, त्याच वर्षांत सणाच्या नारळाचं पाणी स्वतःच्या घशाखाली न घालता तिनं एका लोखंडाला पाजलं होतं. भंगारवाला दारात येऊन गेला तरी विकलं नव्हतं. तिच्यावर कसं रागवायचं?

रॉकेल आणि डिझेल एकत्र करून मी पिस्टनवर ओतलं आणि मुरू दिलं. मग लाकडी ठोकळा ठेवून हळूहळू ठोकत बसलो. जोरात घाव घातला असता तर पिस्टन तडकला असता, म्हणून हातातला राग सगळा तोंडावाटे काढला. आत्या शेजारी बसून शेंगा फोडत ऐकत होती. अखेर रविवारी पिस्टन सरकला. पिस्टनभोवतीचा लायनर घासला, रिंगा बदलल्या, तारेनं तेलाची भोकं मोकळी केली.

सोमवारी सकाळी दीर चार माणसं घेऊन आला. मी हँडल मारलं. नुसतं फुस्स. दीर मिशीत हसला. हँडल विहिरीत फेकून द्यावं असं मला वाटलं, पण आधी डिझेलच्या नळीतली हवा काढली. पुन्हा हँडलला हात घातला, तेवढ्यात आत्या न सांगता पुढं झाली आणि तिनं हेडवरची, आतला दाब सोडायची कळ उचलून धरली. मामा हँडल मारायचे तेव्हा हे काम तिचंच असायचं.

चाकानं वेग घेतला. "सोडा!" मी ओरडलो. तिनं कळ सोडली, काळा धूर उडाला आणि इंजन धडधडायला लागलं. पाइपातून आधी गाळ आला, मग पाणी.

"बारी वैनीची," दीर म्हणाला. शब्दाला पक्का होता, एवढं मान्य केलं पाहिजे.

दिवसभर ऊस पाणी प्याला. दिवस मावळताना बारी संपली, तसा दीर आपलं इंजन विहिरीच्या पंपाला जोडायचा पट्टा खांद्यावर टाकून आला. मी इंजन बंद करायला वाकलो, तर आत्या म्हणाली, "पट्टा काढ. आपलं पानी झालं. इंजन राहू दे चालू."

मी काठीनं पट्टा उतरवला. पाणी थांबलं, इंजन मोकळंच चालत राहिलं.

"वैनी, पानी न्हाय तर कशाला डिझेल जाळता?" दिरानं विचारलं.

"ह्यो आवाज आला, की तुमचे भाऊ रानात हायत असं मला घरात कळायचं," आत्या म्हणाली. "ऐकू द्या जरा."

दिरानं खांद्यावरचा पट्टा खाली ठेवला आणि तिथंच बांधावर बसला.