लाल स्टँडात हिरवी काठी

आमचं गाव अर्जेंटिनात, पाराना नदीकाठी, आणि गावात जाती दोनच: लाल-पांढरे आणि हिरवे. फुटबॉलवरून इथे सोयरिकी मोडतात. एलाडिओ बुस्तोस जन्माचा लाल-पांढरा. खिडक्या लाल, कुत्र्याचा पट्टा लाल. हिरवी भाजी तेवढी खायचा, तीही कुरकुरत.

आणि नेमकी त्याच्याच हातात अंधांच्या केंद्रातल्या बाईंनी हिरवी काठी ठेवली. त्यात बाईंचा काय दोष? आमच्याकडे पूर्ण आंधळ्याची काठी पांढरी, आणि थोडंफार दिसतं त्याची हिरवी. एलाडिओची नजर आक्रसून नळीतून पाहावं तेवढी उरली होती. लांबचा चेंडू दिसायचा, पायाखालची पायरी नाही. मागच्या हंगामात तो मैदानातल्या स्टँडाच्या पायऱ्यांवरून गडगडला, शेजारच्या टोटोच्या अंगावर पडला आणि मनगट मोडून घेतलं.

तेव्हापासून त्याची मुलगी नोर्मा हटून बसली होती. "काठी घेऊन एकटा जा आणि धड परत ये. मग मी कधी अडवणार नाही. नाहीतर यापुढे रेडिओ, इथे, माझ्यासमोर."

"हिरवी काठी घेऊन आपल्या स्टँडात? त्यापेक्षा मेलेलं बरं."

"मग मर. पण अंथरुणात मर, पायऱ्यांवर नको."

रेडिओवर सामना ऐकणं म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं मांस, आमचा आसादो, काचेतून खाणं. एलाडिओ हट्टाला पेटला. बाजाराच्या गर्दीत रोज काठी फिरवून त्याने हात बसवला. मग सामन्याच्या सकाळी दार लावून काठीवर चिकटपट्टी गुंडाळली, एक पट्टा लाल, एक पांढरा. झाली क्लबाची काठी. पठ्ठ्या स्वतःवर भलताच खूश झाला.

मैदानाबाहेर ढोल कानठळ्या बसवत होते. काठी पुढे फिरली की माणसं बाजूला व्हायची. फाटकावरच्या पिवळ्या जाकिटातल्या बाईने मात्र काठी पाहिली आणि काही न बोलता त्याचा तळहात उघडून त्यावर बोटाने अक्षरं काढायला सुरुवात केली.

"अहो बाई, हे काय चाललंय?"

"बिचाऱ्याला दिसत नाही न् ऐकूही येत नाही," ती सोबत्याला म्हणाली. "एकट्याला सोडलं तरी कसं घरच्यांनी?"

"मला ऐकू येतं," एलाडिओ ओरडला. ढोलांपुढे त्याचं कोण ऐकणार? दोघांनी दंडाला धरून त्याला प्रथमोपचाराच्या खोलीत नेऊन बसवलं.

दार लागल्यावर तो म्हणाला, "बिचारा कोणाला म्हणालीस गं? आणि घरच्यांना का बोलतेस?"

बाई चपापली. "मग ही काठी कशाला? लाल-पांढरे पट्टे म्हणजे नजर नाही आणि कानही नाहीत."

केंद्रातल्या बाईंनी हे सांगितलं असणार. पण तेव्हा हा हिरव्या रंगावरून भांडत होता. आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता.

"थांबा, घरी फोन करते. कोणीतरी न्यायला येईल."

"मुलगी न्यायला आली, की माझं मैदान कायमचं सुटलं." एवढं बोलून त्याने चिकटपट्टीत नख घातलं. पट्ट्या सोलून काढल्या. खालून हिरवा रंग निघाला. "हे घ्या. आता मला थोडं दिसतं. जाऊ द्या."

स्टँडात पाऊल टाकताच शिट्ट्या सुरू झाल्या.

"बुस्तोस, हिरव्यांनी किती दिले रे?"

"म्हातारपणी घर बदललंस होय?"

चाळीस वर्षांच्या ओळखीची तोंडं. एलाडिओच्या कानशिलांवर जाळ उठला. लाज वाटली, मागे फिरावंसंही वाटलं. पण पुढे पायरी होती आणि काठीने ती सांगितली होती. तो चढला. मग पुढची.

"डोळे गेलेत माझे, म्हणून हिरवी," चढता चढताच तो म्हणाला. "ज्याला रंग खुपतो त्याने दर रविवारी मला खाली झेलायला उभं राहावं."

कोणी पुढे आलं नाही. वर बसलेल्या टोटोने गुडघे आवरून वाट केली. "मी एकदा झेललाय याला. बरगड्या अजून दुखतात. येऊ द्या त्याला काठी घेऊन."

संध्याकाळी नोर्मा दारातच उभी होती. तिने आधी त्याची मनगटं पाहिली, मग डिंकाने चिकट झालेली काठी.

"हरलो आपण," ती म्हणाली. "रेडिओवर ऐकलं."

"रेडिओवर काय कळतंय? मी पाहिलंय. पंचाने आपली पेनल्टी खाल्ली."

एलाडिओने काठी खुंटीला टांगली, क्लबाच्या मफलरशेजारी. नोर्माने आत जाऊन रेडिओ उचलला आणि कपाटावर ठेवून दिला.