मागे चार की पाच?

फुटबॉल संघात त्याला सगळे खुंटा म्हणत. एकदा ठोकला की हलायचा नाही, म्हणून. अकरा वर्षं तो बचावफळीत उजव्या कडेला उभा राहत आला होता. मागे चौघांची रांग, त्यातला उजवीकडचा तो. समोरचा खेळाडू अंगावर आला की अडवायचा, चेंडू गोलीकडे, म्हणजे गोलरक्षकाकडे, नाहीतर रेषेबाहेर, आणि परत आपल्या जागेवर. गोल त्याने सगळे मिळून दोन केले होते, आणि त्यातला एक स्वतःच्याच जाळ्यात.

पोटापाण्यासाठी तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बंद पडलेल्या लिफ्टच्या टपावर उभं राहून तारा तपासायच्या, ब्रेक घासायचे, दारांचे रूळ साफ करायचे. ते काम त्याला आवडायचं, कारण त्यात लपवाछपवी नव्हती. लिफ्ट एक तर चालते, नाहीतर चालत नाही.

त्या वर्षी जुने कोच गुडघ्याच्या ऑपरेशनला गेले आणि त्यांच्या जागी नवे सर आले. वयाने खुंट्याहून पाच वर्षांनी लहान, आवाज मऊ, बगलेत कायम लॅपटॉप. संघ तिसऱ्या क्रमांकावर होता. पहिले दोन वरच्या गटात जाणार होते. मैदानात पाणी साचून महिनाभर खेळ बंद पडला होता, त्यामुळे राहिलेले आठ सामने एकोणतीस दिवसांत उरकायचे होते.

सरांनी कपडे बदलायच्या खोलीत एक पांढरा फळा टांगला. त्यावर लोहचुंबकाच्या रंगीत टिकल्या, प्रत्येकीवर एकेकाचा नंबर. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "आता मागे चार नाही. मागे तीन, मध्ये पाच, पुढे दोन."

खुंट्याने हात वर केला. "सर, तिघांत उजवीकडचा मी ना?"

"नाही. तुम्ही पाचांत."

"म्हणजे मधल्या फळीत?"

"मधल्या फळीत, पण कडेला. चेंडू आपल्याकडे असला की पुढे धावायचं, त्यांच्याकडे गेला की मागे यायचं."

"आणि चेंडू कोणाकडेच नसला तर?"

खोली हसली. खुंट्याने खरोखरच विचारलं होतं.

पहिल्या सामन्यात तो धावला. इतका धावला, की मध्यंतराला गोलीने त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं. हा गोली संघाचा कर्णधारही होता आणि खुंट्याचा जुना दोस्तही. उत्तरार्धात खुंट्याने कडेवरून एक चेंडू आत टाकला आणि त्यावर गोल झाला. आयुष्यात पहिल्यांदा आघाडीचे खेळाडू त्याच्या गळ्यात पडले. संघ जिंकला. पुढच्या सामन्याची यादी लागली, तर त्याचं नाव राखीव खेळाडूंत. त्याच्या जागी कॉलेजातला पोरगा. सगळे त्याला वारा म्हणत.

खुंटा सरांकडे गेला. "काही चुकलं का माझं?"

"अजिबात नाही. छान खेळलात."

"मग बाहेर का?"

"छान खेळलात म्हणूनच. दमलात. शनिवारी ताजेतवाने हवे आहात."

तो मान हलवून बाहेर आला, आणि दारातच थबकला. वाईट खेळलं की बाहेर बसवतात, हे त्याला ठाऊक होतं. चांगलं खेळलं की बाहेर बसवतात, हे त्याने पहिल्यांदाच ऐकलं.

गोली म्हणाला, "अरे, हलवून खुंटा बळकट करतायत. ताण घेऊ नकोस."

"हलवून उपटला तर?"

त्याची बायको दवाखान्यात मुख्य परिचारिका होती. कोणाची कधी पाळी, कोणाला कधी सुट्टी, तो सगळा तक्ता तीच करायची. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, तेव्हा त्याने सगळी कहाणी सांगितली.

"यात न कळण्यासारखं काय आहे?" ती म्हणाली. "माझ्या सगळ्यात चांगल्या मुलीला मी सलग चार रात्रपाळ्या देते का? नाही देत. ती कोसळली तर वॉर्ड कोण बघणार? आठ सामने आहेत, माणसं वीस. फिरवावीच लागतात."

"ते ठीक. पण तू तिला सोमवारी नर्स आणि गुरुवारी स्वयंपाकीण तर नाही ना करत?"

ती एक मोजा हातात धरून थांबली. "तुला स्वयंपाकी केलंय?"

"परवा सराव करताना म्हणाले, तुम्ही मध्यभागी उभे राहा. बचावाच्या पुढे, एकटे."

"का?"

"म्हणाले, तुम्ही उभे राहता ते मला हवंय. आधी म्हणाले, धावा. आता म्हणतात, उभे राहा. मी नेमकं करू काय?"

तिने मोज्याची जोडी शोधायला घेतली.

पुढचे दोन आठवडे असेच गेले. एका सामन्यात तो पहिल्यापासून, एकात शेवटची दहा मिनिटं, एकात नाहीच. संघ जिंकत दुसऱ्या क्रमांकावर चढला होता, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार? एक दिवस तो लवकर पोचला, तर फळ्यावर त्याची टिकली नव्हती. उजवीकडे नाही, मध्ये नाही, राखीव रांगेतही नाही. त्याने बाकाखाली वाकून पाहिलं. ओल्या टॉवेलांच्या ढिगाखालीही पाहिलं. मग गुपचूप आपल्या कपाटातले बूट, पट्ट्या आणि मलमाची डबी पिशवीत भरून घरी आणली. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला, "सरावाला का नाही आलात?"

"माझी टिकली नव्हती सर."

"ती माझ्या खिशात राहिली होती. तुम्हाला कुठे ठेवावं ते ठरत नव्हतं."

हे ऐकून बरं वाटून घ्यावं की वाईट, हे त्याला दिवसभर कळलं नाही. त्या दिवशी एका इमारतीत त्याला ज्या मजल्यावर जायचं होतं त्याच्या वरच्याच मजल्यावर त्याने लिफ्ट उघडली, आणि तिथल्या आजीबाईंची बोलणी खाल्ली.

सातव्या सामन्यात सरांनी त्याला खरोखरच मध्यभागी एकटा ठेवला. त्याच्या मागेही आपली माणसं, पुढेही आपलीच. चेंडू कुठूनही यायचा. पाय सवयीने उजव्या कडेला ओढत न्यायचे, आणि तिथे वारा आधीच उभा.

"दादा, तू इथे काय करतोयस?" वारा ओरडला.

"तू काय करतोयस?"

"मी इथेच आहे! इथेच खेळतोय!"

तेवढ्यात मोकळ्या पडलेल्या मध्यातून प्रतिस्पर्धी घुसले आणि गोल झाला. सामना गेला. पण दुसरीकडचे निकाल बरे लागले. संघ दुसऱ्याच क्रमांकावर राहिला. शेवटचा सामना बरोबरीत सुटला तरी वरच्या गटाचं दार उघडणार होतं.

त्या सामन्यात खुंटा बाकावर होता. एक-एक अशी बरोबरी असताना, सत्तराव्या मिनिटाला, वाऱ्याच्या पोटरीत गोळा आला आणि तो आडवा झाला. सरांनी खुंट्याला उठवलं. पंच त्याच्या बुटांचे तळवे तपासत होते, म्हणून त्याची मान खाली होती. वर पाहिलं तेव्हा सर ओरडत होते. प्रेक्षकांच्या गोंगाटात शब्द काही येत नव्हते. दिसली ती फक्त वर धरलेली चार बोटं.

चार! हे त्याला कळलं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा त्याला काहीतरी स्पष्ट कळलं.

तो धावतच आत गेला. "मागे चार! सर म्हणतायत, मागे चार!"

बचावातल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पण सांगणारा खुंटा होता, आणि ती रांग त्यांना झोपेतही लावता आली असती. ते डावीकडे सरकले. खुंटा उजव्या कडेला जाऊन उभा राहिला. गोलीने मागून ओरडून विचारलं, "नक्की?" खुंट्याने न वळता हात वर केला.

मैदानाबाहेर सर दोन्ही हात हलवत होते. खुंट्याला वाटलं, शाबासकी.

ती वीस मिनिटं लांबली. प्रतिस्पर्ध्यांचा डावा आघाडीवीर सहा वेळा त्याच्यावर चालून आला. चार वेळा खुंट्याने चेंडू काढला, एकदा चेंडू गोलच्या आडव्या बारला लागला, आणि एकदा खुंटा चक्क घसरून पडला आणि चेंडू त्याच्या पाठीवर आपटून बाहेर गेला. शिट्टी वाजली. बरोबरी! संघ वर गेला. गोली गवतावर बसून रडायला लागला, लंगडत आलेला वारा खुंट्याच्या पाठीवर चढला.

खोलीत सगळे गात असताना सर त्याच्या शेजारी येऊन बसले.

"मी चार नव्हतं सांगितलं," ते म्हणाले. "मागे पाच, मध्ये चार, पुढे एक. आधी पाच बोटं दाखवली, मग चार, मग एक."

खुंट्याच्या हातातली बुटाची नाडी तशीच राहिली. "मला चारच दिसली."

"मी नंतर इतका ओरडलो."

"मला वाटलं, खूश आहात."

सरांनी हाताची पाच बोटं पुन्हा पसरली. "मागे पाच असते, तर कदाचित तो बारला लागलेला शॉटच झाला नसता."

"किंवा गोल झाला असता."

"किंवा गोल झाला असता," सरांनी मान्य केलं. "खरं सांगू? मलाही कळत नाहीये, आपण नेमके कशामुळे वाचलो."

खुंट्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. या माणसाला सगळं कळतं, आपल्यालाच काही कळत नाही, असं तो महिनाभर धरून चालला होता.

उठताना सर म्हणाले, "पुढच्या हंगामात मला तुम्ही हवे आहात. पहिल्या सरावाला या. रांगेतल्या दोघांत किती अंतर ठेवायचं, ते या पोरांना तुमच्याकडून कळलं पाहिजे."

"येतो सर."

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. ती आनंदाने टाळी वाजवून म्हणाली, "म्हणजे खेळाडू म्हणून की शिकवायला?"

खुंटा पिशवी खांद्यावर तशीच ठेवून दारात उभा राहिला. "ते मी विचारलंच नाही."

"मग फोन कर ना."

"करतो," तो म्हणाला. पण केला नाही. दोन महिने रोज सकाळी कामावर जाण्याआधी तो वीस मिनिटं धावला. बायकोने विचारलं की म्हणायचा, धावून ठेवलेलं वाया जात नाही. पहिल्या सरावाच्या दिवशी तो बूट घालून सगळ्यांच्या आधी पोचला. सरांनी त्याच्या हातात खेळाडूचा नवा शर्ट दिला आणि गळ्यात शिट्टी अडकवली. खुंट्याने दोन्हीकडे पाहिलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि मग शर्ट चढवून मैदानाच्या उजव्या कडेला चालायला लागला.