आईची गेरची सायकल
घासलेटचा वास आला की मला आमच्या अंगणात उलटी उभी केलेली ती गेरची, म्हणजे गिअरवाली, सायकल दिसते. त्या वर्षी बीटी पऱ्हाटीची कापसाची बोंडं अळीनं पोखरली, मला शाळेत सोडणारे बाबा कामासाठी बाहेरगावी गेले आणि मोठे काका आईला म्हणाले, "पोरीले रोज मोताळ्याच्या शाळेत कोण सोडीन? शाळा बंद कर तिची." दुसऱ्या दिवशी एका गुरुजींच्या गोठ्यात गंजत पडलेली ती सायकल आईनं मागून आणली. शेतातून आली की घासलेटात चिंधी बुडवून ती चेन घासत बसायची. गावातल्या मिस्त्रीचाचांनी मोडके गेर काढून चेन एकाच चक्रीवर बसवली, मागं लोखंडी कॅरिअर जोडलं. आईला सायकल येत नव्हती. वावराच्या वाटेवर पडत-धडपडत शिकली. सोमवारी मला मागं बसवून ती निघाली आणि ऐन पारापुढं आम्ही दोघी धुळीत पडलो. पारावरची माणसं खदखदून हसली. त्यांत काकाही होते. "मले पैदल येऊ दे ना," मी रडत म्हणाले. आईनं पदर कमरेला खोचला, सायकल उभी केली आणि जन्मात पहिल्यांदा काकांच्या डोळ्यांत बघून बोलली, "हासाचं तेवढं हासून घ्या, भाऊजी. उद्या बी मी इथूनच जाईन." मग मला म्हणाली, "बस." मी बसले. आज मी स्वतः शाळेत शिकवते. लोक हसले की रस्ता बदलावासा मलाही वाटतो, पण मी बदलत नाही.