पहिला घोट मातीला

वाईनच्या बाटलीचं बूच निघालं की जो ओलसर, आंबूस वास येतो, त्या वासासरशी मला नवेगाव बांधाचा तलाव दिसतो. आमच्या देवरीत सगळे मोहाची दारू पिणारे. द्राक्षाच्या वाईनचं वेड फक्त मला आणि माझ्या एका मित्राला, आणि मैत्रीही त्यातूनच झालेली. हिवाळ्यातल्या एका दुपारी गोंदियाहून आणलेली लाल वाईन घेऊन आम्ही तलावाच्या पाळीवर बसलो होतो. पाण्यावर बदकं, कागदात तळलेली मासोळी, स्टीलचे दोन गिलास. मोहाची पिताना गेलेल्यांच्या नावानं आधी थोडी जमिनीवर सांडायची आमच्याकडे रीत आहे. त्यानं वाईनचंही तेच केलं, पण चांगली घोटभर सांडली. "एवढी काऊन सांडून राहिला बे?" मी म्हणालो. "माह्या दोस्ताची आहे. वाईन त्यानंच शिकवली मले," तो ओल्या मातीकडे पाहत बोलला. "त्याच्यासारखा संगतीले मंग कोणी भेटलाच नाही." समोर मी बसलो होतो. तोंडातली वाईन एकदम तुरट लागली. कधी न पाहिलेल्या, मेलेल्या माणसाचा इतका राग मला त्याआधी आला नव्हता. आता माझ्या मित्रालाही जाऊन बरीच वर्षं झाली. आज बाटली उघडली आणि त्याच्या नावानं मातीवर सांडायला घेतली, तेवढ्यात मनात आलं की तिकडे तो एकटा नसणार, त्याचा तो दोस्त शेजारीच बसला असेल. मी हात आखडला. दोघांना पुरेल एवढी सांडली नाही.