झील मागायची नसते

माझा भाऊ आदर्श पासष्ट वर्षांचा आहे आणि अजून जीन्स घालतो. हे आधी सांगते, म्हणजे माणूस कसा आहे ते कळेल. नामपल्ली स्टेशनच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या आहेत त्याच्या. वहिनी, म्हणजे मनकर्णा, दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगी शिल्पा बंगळुरूला असते, रविवारी फोन करते. बाकी सहा दिवस दादा आणि त्याची गिटार. वहिनीचा कप अजून मोरीवरच्या फळीवर उपडा ठेवलेला असतो. धुळीनं भरतो, मग हा पठ्ठ्या तो धुतो आणि पुन्हा उपडा ठेवतो.

मी दर शनिवारी भाजी-भाकरी घेऊन जाते. कौतुक म्हणून नाही हं. माझा त्याच्यावर राग आहे, बारा वर्षांची होते तेव्हापासूनचा. पण राग आहे म्हणून भावाला उपाशी ठेवायचं का?

आमचे आप्पा, शंकरराव, नांदेडकडून हैदराबादला आले आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचा कामगार, म्हणून लागले. दिवसभर लोखंड उचलायचं आणि संध्याकाळी बुद्धविहारापुढे गायचं. बाबासाहेबांवरची गाणी ते स्वतः जुळवत. लिहून ठेवायचे नाहीत, सगळं डोक्यात. पेटीवर नामदेवराव असत, ढोलकीला कुणी ना कुणी मिळायचं, आणि झील धरायला दादा. झील म्हणजे मुख्य गाणाऱ्यानं ओळ टाकली की मागच्यानं तिला द्यायचं उत्तर. ते उत्तर आल्याशिवाय आप्पा पुढची ओळ घेत नसत. आणि त्यांचा एक नियम होता, झील मागायची नसते. हातानं खूण करायची नाही, मागे वळून बघायचं नाही. ओळ टाकायची आणि थांबायचं. आली पाहिजे.

मलाही सगळी झील पाठ होती. पण मी मुलगी, आणि मला विचारतंय कोण!

रेल्वे क्वार्टर्समध्ये आमच्या शेजारी डग्लस नावाचे एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहत. त्यांनी दादाला गिटार शिकवली आणि आमचं पोरगं हातचं गेलं. रॉक अँड रोल! केस वाढवले, पँटच्या मोऱ्या फुगल्या. आप्पा हसायचे, म्हणायचे, "वाजव की. हात कशाला तरी लागू दे."

अठ्ठ्याहत्तर सालची जयंती. आप्पांनी नवं गाणं केलं होतं. घरी फक्त पहिली ओळ आणि झील बसवून घेतली, पुढच्या ओळी मंडपातच ऐका म्हणाले. आणि त्याच संध्याकाळी सिकंदराबादच्या एका क्लबातून दादाला निरोप आला, आमचा गिटारवाला आजारी पडलाय, येतोस का? हा गेला. सांगूनसुद्धा गेला नाही.

मंडपात आप्पांनी ओळ टाकली:

"वेशीभायेर उभं कोण, ऊन डोक्यावर घेऊन?"

आणि थांबले. झील होती, "आम्ही हाय जी, आम्ही हाय." मागे कुणीच नव्हतं. नामदेवरावांनी पेटीवर सूर भरला, एकदा, दोनदा, तीनदा. आप्पा समोर बघत उभे. मी बायकांत बसले होते, आईनं माझा दंड धरून ठेवला होता. माझ्या तोंडात आलं होतं, पण मी नाही उठले. शेवटी आप्पांनी हात जोडले आणि खाली उतरले. त्यानंतर मरेपर्यंत चारचौघांत गायले नाहीत.

दादाला कुणी एक शब्द बोललं नाही. तेच चुकलं बहुतेक. दोन थोबाडीत बसल्या असत्या तर विषय मिटला असता. तो क्लबांत वाजवत राहिला, मग हॉटेलांत, मग लग्नांत. अमेरिकेतल्या, इंग्लंडातल्या लोकांची गाणी, हुबेहूब. पुढे हॉटेलांनी गाणी वाजवणारी मशीनं आणली आणि हा घरी पोरांना शिकवायला लागला.

मग लॉकडाऊन आला. पोरं बंद झाली, वहिनी आजारी, आणि हा मोबाइलवर रॉक अँड रोलची मुळं शोधत बसला. एका शनिवारी मी भाकरी सोडतेय तर म्हणतो,

"रेणू, हे एका बापाचं लेकरू नाही गं. कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या माणसांची हाक आहे यात. एक जण ओरडायचा आणि बाकीचे उत्तर द्यायचे. त्यांच्या चर्चमध्येही तेच, पाद्री ओळ म्हणतो आणि अख्खी सभा उलट म्हणते. डोंगरातल्या गरीब गोऱ्यांचं फिडल मिसळलंय, गुत्त्यांमधला पियानो मिसळलाय. आणि आपली गिटार बघ, ती तरी ओळीला उत्तरच देते. ही झील आहे. मी चाळीस वर्षं साता समुद्रापलीकडच्या लोकांची झील धरली आणि आप्पांची सोडली."

"आता कळलं होय?" मी म्हटलं. "भाकरी गार होतेय."

बोलायला नको होतं, पण बोलले. त्यानं भाकरी मोडली आणि जेवला.

तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच. आप्पांचं ते गाणं एकदा, एकदाच, माणसांपुढे झिलीसकट व्हायला पाहिजे. त्याला येत होती पहिली ओळ आणि झील, तेवढंच. पुढच्या ओळी स्वतः जुळवल्या, खोडल्या, पुन्हा जुळवल्या. नामदेवराव जिवंत असते तर विचारलं असतं, म्हणायचा. घरात झील द्यायला कोण? त्यानं स्वतःचीच झील मोबाइलवर भरली आणि समोर ठेवून गायला लागला. मी जिन्यातून ऐकलं. एकट्या माणसाचा आवाज ओळ टाकतोय आणि तोच आवाज डब्यातून उत्तर देतोय, तेही अर्धी मात्रा उशिरा. मी जिन्यातच बसून राहिले पाच मिनिटं. मग खोकले आणि वर गेले.

गेल्या महिन्यात योग आला. सुलतान बाजारातल्या एका मराठी मंडळात सौरभ नावाचा कार्यकर्ता आहे, दादाचा जुना विद्यार्थी. त्यानं कार्यक्रम ठेवला, रॉक अँड रोल कुठून आलं, वाजवून दाखवा. दादानं आठ दिवस तयारी केली. झिलीची ओळ मोठ्या अक्षरांत छापून घेतली, सत्तर कागद. मी म्हटलं, "तोंडानं सांग की लोकांना, असं असं म्हणा."

"झील मागायची नसते," तो म्हणाला. "कागद दिला एवढंच खूप झालं."

हॉल भरला होता. निम्मी गिटारच्या क्लासची पोरं, निम्मी मंडळातली वयस्कर मंडळी. दादा छान बोलला, खोटं कशाला बोलू. शेतातली हाक वाजवली, चर्चचं वाजवलं, फिडलचं वळण गिटारवर काढून दाखवलं, आणि ते सगळं एकत्र आलं तशी पोरं पाय आपटायला लागली. मग म्हणाला, "आता माझ्या वडिलांचं." आणि ओळ टाकली.

"वेशीभायेर उभं कोण, ऊन डोक्यावर घेऊन?"

आणि थांबला.

पोरं कागद उलटसुलट करून बघत होती. माझ्या शेजारच्या पोरीनं मला हळूच विचारलं, "आंटी, ये क्या लिखे? मराठी बोलने को आती, पढ़ने को नईं आती." घरात मराठी बोलणारी पोरं, पण शाळा इंग्रजी आणि तेलुगू. हे ना दादाच्या लक्षात आलं, ना माझ्या, ना सौरभच्या. पुढच्या रांगांतल्या मंडळींना मात्र वाचता येत होतं. त्यांचे कागद मांडीवर होते आणि नजर कागदाच्या खाली; वेशीबाहेर उभं राहिलेलं त्यांच्यातलं कुणी नव्हतं.

दादा समोर बघत उभा. खूण नाही, काही नाही. आप्पांसारखाच उभा होता, मान जराशी डावीकडे.

आणि मी? माझ्या ओठांवर होती झील. खरं तेच सांगते. मनात आलं, थांबू दे. कळू दे याला. सेहेचाळीस वर्षं मी जे बघितलंय ते एकदा बघू दे. तेवढ्यात त्यानं तारांवर हात मारला, एक इंग्रजी धून सुरू केली आणि पोरांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. मला माझीच अशी लाज वाटली की मान वर करवेना.

येताना आम्ही रिक्षा केली. आबिड्सला ट्रॅफिक तुंबलं, दिवे लागत होते. गिटार दोघांच्या मध्ये उभी. तो म्हणाला,

"आप्पा किती वेळ थांबले होते गं?"

"नामदेवकाकांनी तीनदा सूर भरला तोवर."

"मी दोनदा सूर भरेल इतकाच थांबलो. पुढे धीर नाही झाला." मग म्हणाला, "जाऊ दे. पुढच्या ओळी तशाही माझ्याच होत्या. आप्पांच्या कुठे होत्या."

मग मला राहवलं नाही. "दादा, मला येतं ते गाणं."

तो गिटारीवरून माझ्याकडे वळला.

"दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर जायच्या आधी, आप्पा चुलीपाशी बसले आणि अख्खं गाणं म्हणाले. मी झील दिली. पाचही ओळींना दिली. तू आत झोपला होतास."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तू आला नव्हतास म्हणून!" मी ओरडलेच. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. "ते माझ्याकडेच राहावं असं वाटायचं मला. तुला मिळू नये असं वाटायचं. तुला जिन्यातून ऐकलं तरी नाही दिलं मी. आज हॉलमध्येही नाही दिली."

तो रागावेल असं वाटलं. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त गिटार आपल्याकडे ओढून घेतली, मला नीट बसायला जागा व्हावी म्हणून.

आता द्यायचं तर कसं द्यायचं? सांगून होण्यासारखं नव्हतं. मी जन्मात कधी पुढची ओळ घेतलेली नाही, पुढे बस हॉर्न वाजवत होती. तरी टाकली.

"वेशीमंदी चाललंय कोण, पाटी हातात घेऊन?"

आणि थांबले. त्याच्याकडे बघितलं नाही. समोर पोस्टाच्या इमारतीकडे बघत राहिले. सिग्नल सुटला, रिक्षा हलली, पुन्हा अडली. मी मागितली नाही.

"आम्ही हाय जी," दादाचा आवाज आला, फाटलेला, एकोणीस वर्षांच्या पोराच्या पट्टीत चढायला बघणारा. "आम्ही हाय."

मग मी तिसरी ओळ घेतली.